पहिल्या महायुद्धातले पणजोबा: शोध कुठून सुरू करावा?

सह्यकडा: पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले आणि परत आले, एवढंच घरात ठाऊक आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं. हाताशी पितळी रंगाचं एक गोल पदक आणि मोडीतले काही कागद. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर याच नावाचे ढीगभर शिपाई दिसतात. नेमका कुणाचा माग काढायचा?

जुनी पलटण: त्यातल्या कुणाचाच नाही. तिथे फक्त मृतांच्या नोंदी आहेत (पहिल्या महायुद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921). घरी परतून नंतर वारलेला माणूस तिथे सहसा सापडत नाही.

आधी पदकाची कड वाचा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ब्रासो, चिंच काही लावू नका, घासून अक्षरं जातात. टॉर्च आडवा धरा, भिंग घ्या. नंबर पलटणीपुरताच असायचा, म्हणून दोन्ही एकत्र टिपा.

घरात ‘पाचवी मराठा’ म्हणत असतील तर जपून. हे आकडे 1922 च्या फेररचनेतले. तेव्हा 103 वी, 105 वी, 110 वी, 116 वी आणि 117 वी या पलटणी 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे 1 ते 5 बटालियन झाल्या. युद्धकाळाच्या कागदांत जुनेच आकडे शोधावे लागतात. कडेवर 103, 110 किंवा 117 असेल तर मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतचा वेढा तपासा: 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शरणागतीनंतर माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यामुळे ‘कित्येक महिने पत्र नव्हतं’ ही घरची आठवण तिथे जुळू शकते.

कोतवालबुक: गावाकडची बाजूही लावा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 (जन्म-मृत्यूची नोंदवही) मागा, मृत्यूची तारीख तिथे मिळू शकते. मग तिच्या पुढच्या वर्षांतले वारसाचे फेरफार. नाव वडिलांच्या नावासकट जुळवा, आडनावावर विसंबू नका. मोडी कागद दोन्ही बाजूंनी 600 डीपीआयला स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको.

नोंदवहीत चार रकाने पुरतात: तारीख, ठिकाण, पुरावा, खात्री. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणूनच लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच पुरावा होऊन बसते. काय शोधलं आणि मिळालं नाही, तेही टिपा. पंजाबच्या गावनिहाय सैनिक-नोंदवह्या नेटवर आहेत, त्यात आपल्याकडची गावं नाहीत.

सह्यकडा: कड वाचली. 114 आहे. तुमच्या यादीत नाही?

जुनी पलटण: ती 10 वी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. युद्धात ती मेसोपोटेमियातच होती, ऑक्टोबर 1918 मध्ये शर्कातला लढली. तिची युद्ध-दैनंदिनी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, डब्ल्यूओ 95 या मालिकेत शोधा. शिपायांची नावं तिथे क्वचितच येतात, पण पलटण कोणत्या तारखेला कुठे होती ते कळतं. तेवढ्यावर तुमचा ‘ठिकाण’ रकाना बराच भरेल.