विषय: बुधवारची संकष्टी – चंद्रोदय कुठला धरायचा?

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी

सर्वांना सप्रेम नमस्कार.

बुधवारी एडिंबरामध्ये चंद्रोदय रात्री एक वाजून वीस मिनिटांनी आहे आणि सभागृहाची किल्ली मात्र दहा वाजता परत करायची आहे, ही गोष्ट मागच्या बैठकीत आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही. उपवास करणाऱ्या आम्हा चौघींची गुरुवारी सकाळी साडेनऊला परीक्षा आहे. माझी आई म्हणते, पुण्यात चंद्र दिसला की मी फोन करते, तेव्हा तू उपवास सोड. पुण्यात चंद्र साडेदहाच्या सुमारास उगवेल, म्हणजे इथे संध्याकाळचे सहा वाजलेले असतील आणि सूर्य मावळायलाच तीन तास बाकी असतील. अशा लख्ख उन्हात अर्घ्य द्यायचे कोणाला? कृपया रविवारपर्यंत कळवावे, कारण नारळ त्यानुसार आणायचा आहे.

प्रेषक: सचिव

आरती साडेसातला आहे, हे कार्यकारिणीने जानेवारीतच ठरवले असून तसे परिपत्रकही गेले आहे. चंद्रोदयाची जबाबदारी मंडळाने कधीच घेतलेली नाही. सभागृह चर्चचे आहे आणि तिथल्या मंडळींनी आपल्याला इतकी वर्षे सांभाळून घेतले आहे, त्यामुळे वेळ वाढवून मागण्याचा विषय कोणीही परस्पर काढू नये. मागच्या वेळी किल्लीवरून जे झाले, ते पुन्हा नको.

प्रेषक: खजिनदार

किल्लीचा उल्लेख आलाच आहे, म्हणून नोंदवते की ती माझ्याकडे नव्हती.

मुलींनो, उपवास दिवसभर निभावतो तो पोटात काय आहे यावर. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत ठेवला, तर कोणीतरी तो खराब झालेला भात समजून फेकून देते. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे दोनदा घडले. डब्यावर नाव लिहून तो फ्रिजमध्ये ठेवावा. जिऱ्याची फोडणी मंद आचेवर आणि पंखा लावूनच करावी, नाहीतर धुराची घंटा वाजून सगळी इमारत अंगणात उभी राहते. खोलीत निरांजन तर नकोच; विजेवर चालणारा दिवा चालतो, बाप्पा समजून घेतो.

प्रेषक: गुरुजी (लीथ)

बाप्पा समजून घेतो हे खरेच आहे, पण म्हणून नियम काय आहे ते पाहायचेच नाही, असे होत नाही. संकष्टीला चंद्रोदयव्यापिनी, म्हणजे चंद्र उगवतेवेळी चालू असलेली, चतुर्थी घ्यावी, असे धर्मसिंधू सांगतो. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी हा ग्रंथ १७९० साली लिहिला, तेव्हा स्कॉटलंडमधला चंद्र त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता हे मान्य. तथापि चंद्रोदय म्हणजे आपण जिथे आहोत तिथला, हे उघड आहे. मुंबई आणि नागपूर यांच्या वेळा निराळ्या छापतात त्या याच कारणाने. वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजला जातो, म्हणून रात्री एक वीसचा चंद्रही बुधवारच्याच उपवासाचा आहे.

यात एक मेख आहे. तिथी साऱ्या जगात एकाच क्षणी संपते. इथले एक वीस म्हणजे भारतातली गुरुवार पहाटेची पाच पन्नास. चतुर्थी भारतात पहाटे तीनलाच संपत असेल, तर इथल्या चंद्रोदयाच्या वेळी पंचमी लागलेली असणार आणि मग इथली संकष्टी मंगळवारी येऊ शकते. घरून आलेल्या कालनिर्णयातली तारीख डोळे मिटून घेऊ नये. या वेळी मी पडताळून पाहिले आहे, बुधवारच बरोबर आहे.

प्रेषक: एक सभासद (वेधशाळेत काम करणारा)

मंगळवारी आली असती, तर ती अंगारकी झाली असती, एवढाच काय तो फायदा.

चंद्राला एवढा उशीर का होतो, ते सांगतो. मे महिन्यात कृष्ण चतुर्थीचा चंद्र आकाशात फार दक्षिणेला असतो. मुंबई १९ अंशांवर आहे आणि आपण जवळजवळ ५६ अंशांवर, त्यामुळे तो आपल्याकडे आग्नेयेच्या बाजूला उशिरा वर येतो, क्षितिजालगत थोडा सरकतो आणि मावळतो. चंद्राच्या या उत्तर-दक्षिण झुकावाचे चक्र साधारण १८.६ वर्षांचे असते आणि २०२४-२५ च्या सुमारास तो झुकाव सर्वाधिक होता, म्हणून गेली काही वर्षे हा त्रास जास्त जाणवतो. ऑक्टोबरात नेमके उलट होते. तेव्हा आपल्याकडे चंद्र सातच्या सुमारासच उगवतो आणि मुंबईकर मात्र त्यांच्या घड्याळात सात वाजून गेले तरी ताटकळत असतात. सचिवांनी साडेसातची आरती ऑक्टोबरात ठेवली, तर ती अगदी शास्त्रोक्त होईल.

शिवाय एक वीस ही सपाट क्षितिजाची वेळ आहे. जुन्या शहरात राहणाऱ्यांना आर्थर्स सीटची टेकडी आड येते, त्यांना तो आणखी उशिरा दिसेल. ढगांचे तर बोलायलाच नको. नॉर्वेत ट्रॉम्सोला शिकणाऱ्या माझ्या मित्राकडे उन्हाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास काही दिवस चंद्र उगवतच नाही.

प्रेषक: सचिव

ऑक्टोबरच्या आरतीचे वेळापत्रक ऑक्टोबरात पाहू.

प्रेषक: एक जुना सभासद

ट्रॉम्सोवरून आठवले. २०१६ साली रमजान जूनमध्ये आला होता आणि माझ्याबरोबर घरात राहणारा लाहोरचा मुलगा प्रयोगशाळा सांभाळून जवळजवळ एकोणीस तासांचे रोजे करत होता. अगदी उत्तरेकडच्या लोकांनी मक्केच्या किंवा जवळच्या शहराच्या वेळा पाळाव्यात, असे त्यांच्यातल्या काही विद्वानांचे मत आहे, पण तो म्हणाला की इथे सूर्य मावळतो आहे, तोवर मी इथलाच धरणार. रात्री दहानंतर तो खजूर खायचा आणि मी संकष्टीला त्याच टेबलापाशी घड्याळ पाहत बसायचो. पहिल्या वर्षी मी आईच्या फोनवर उपवास सोडत असे. पुढे ते मनाला पटेना, कारण मी जेवलो तरी खिडकीत चंद्र नव्हताच. तेव्हापासून रात्री फराळ करून झोपतो आणि सकाळी आंघोळीनंतर वरणभाताचा नैवेद्य दाखवून उपवास सोडतो. गुरुजींना हे चालत नाही, हे मला ठाऊक आहे.

प्रेषक: गुरुजी (लीथ)

मला चालत नाही असे नव्हे. त्याला संकष्टी म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. परीक्षार्थी मुलींनी फराळ करून वेळेवर झोपावे. अशक्त आणि अडचणीतल्या माणसांवर व्रताची सक्ती नसते. ज्यांना जागायचे आहे त्यांनी माझ्याकडे यावे, आमच्या मागच्या खिडकीतून आग्नेय दिशा मोकळी दिसते.

प्रेषक: विद्यार्थी प्रतिनिधी

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोघी रात्री फराळ करून झोपणार आहोत, एकजण आईच्या फोनवरच उपवास सोडणार आहे आणि चौथी गुरुजींकडे येते म्हणते. तिचा पेपर सोपा आहे, असे तिचे मत आहे. गुरुजी, रात्री दीडनंतर आपल्याकडून परत यायला बस असते का? आणि सभागृहातल्या साडेसातच्या आरतीसाठी किल्ली नक्की कोणाकडे आहे?

प्रेषक: खजिनदार

माझ्याकडे नाही.