एआरईचा पीपीडी पेपर परत द्यायचाय, गुहागरला राहून अभ्यास कसा आखू?

सुपारीची वाडी

नमस्कार मंडळी. मी गुहागरची, खालच्या पाटातली. सात वर्षं शिकागोत एका ऑफिसात काम करते. एआरई ५.०, म्हणजे अमेरिकेतल्या आर्किटेक्टच्या लायसन्सची परीक्षा, तिच्या सहा पेपरांपैकी प्रॅक्टिस मॅनेजमेंट, प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन सुटलेत. ६ मेला प्रोजेक्ट प्लॅनिंग अँड डिझाइन, म्हणजे पीपीडी दिला आणि नापास झाले. चारच दिवसांनी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इकडे आले. तोच पेपर परत द्यायला ६० दिवस थांबावं लागतं, म्हणजे ५ जुलैच्या आत नाही. परतीचं विमान २८ जूनचं आहे.

काय चुकलं ते स्पष्ट लिहिते. १०० प्रश्न, ४ तास ५ मिनिटं. पहिल्या दोन तासांत ५५ प्रश्न उघडले, त्यातले १८ 'नंतर बघू' म्हणून खूण करून सोडले आणि ब्रेक घेतला. ब्रेकनंतर आधी उघडलेल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, हा नियम मला माहीत होता. पण डोकं इतकं शिणलं होतं की बटण दाबताना आठवलाच नाही. १८ प्रश्न तिथेच गेले. शेवटच्या दोन्ही केस स्टडींना मिळून २५ मिनिटं उरली.

निकालात बिल्डिंग सिस्टीम्स आणि मटेरियल्सचा भाग सगळ्यात कच्चा निघाला. सराव पेपरांतही व्हेपर रिटार्डर, म्हणजे वाफ अडवणारा थर, भिंतीच्या कोणत्या बाजूला लावायचा, हे मी दोनदा पाठ करून दोन्ही वेळा चुकले आहे.

इथे काका विचारतात, "आर्किटेक्ट झालीस ना, मग आता परीक्षा कसली?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे बी.आर्क. करून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केली की झालं. तिकडे मी एम.आर्क. केलं, एएक्सपीचे, म्हणजे लायसन्ससाठी लागणाऱ्या कामाच्या अनुभवाचे, ३,७४० तास भरले, तरी लायसन्सशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. मी काढलेल्या ड्रॉइंगवर शिक्का दुसऱ्याचा पडतो. हे समजावताना घसा दाटून येतो.

वेळ मिळतो पहाटे ५ ते ७ आणि दुपारी आई झोपली की १ ते ४. पाऊस लागल्यापासून लाइटचा भरवसा नाही. दोन गोष्टी विचारायच्यात. जुलैत आधी पीपीडीच देऊ, की प्रोजेक्ट डेव्हलपमेंट अँड डॉक्युमेंटेशन, म्हणजे पीडीडी? आणि प्रॅक्टिस मॅनेजमेंट मी २०२० साली पास झाले. पाच वर्षांच्या मुदतीमुळे तो बाद झाला असेल का?

देवगड ते ह्यूस्टन

ताई, आधी ती काळजी सोडा. पाच वर्षांची मुदत एनकार्बने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, १ मे २०२३ पासून काढून टाकली. ज्या आवृत्तीत पास झालात ती आणि तिच्या पुढची आवृत्ती चालू असेपर्यंत तो निकाल धरतात. फक्त तुमच्या राज्याच्या बोर्डाला एक मेल टाकून खात्री करा, लायसन्स शेवटी तेच देतात.

मी पीपीडीत एकदा आणि पीडीडीत एकदा आपटलो. ६० दिवसांची अट त्याच पेपरापुरती आहे, मधे दुसरा देता येतो. पण तुम्ही तिकडे आईजवळ आहात, तर ओढाताण करू नका. परतल्यावर आधी पीपीडी द्या आणि पीडीडीची तारीख त्याच्या मागोमाग दोन-तीन आठवड्यांवर आत्ताच घेऊन ठेवा. दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच. मी मधे चार महिने जाऊ दिले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. एक हिशेब डोक्यात असू द्या: एका पेपराला १२ महिन्यांत तीनच संधी, त्यातली एक गेली.

ब्रेकचं म्हणाल तर, उघडलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर देऊनच पुढे जा, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. मी केस स्टडी सुरुवातीलाच सोडवल्या, ब्रेक घेतला आणि मग बाकीचे प्रश्न. दुसऱ्या खेपेला त्यामुळेच तरलो.

जांभा आणि कौल

मुली, मी ही परीक्षा दिलेली नाही. रत्नागिरीत २६ वर्षं प्रॅक्टिस करतोय. पण त्या भिंतीबद्दल सांगतो.

पाठ करू नकोस. वाफ कुठून कुठे निघालीय ते बघ. शिकागोच्या हिवाळ्यात घरात ऊब आणि दमटपणा, बाहेर बर्फ. वाफ आतून बाहेर जाते आणि भिंतीच्या बाहेरच्या थंड थरावर तिचं पाणी होतं. म्हणून अडसर आतल्या, उबदार बाजूला.

आता आपल्याकडे ये. चार वर्षांपूर्वी समुद्रालगतच्या एका हॉटेलात मला बोलावलं होतं. जुलै महिना, खोल्यांत रात्रंदिवस एसी, बाहेरच्या भिंतीला आतून व्हिनाइलचा वॉलपेपर. कोपरा सोलला तर मागचा गिलावा काळा पडलेला, बोट टेकवलं तर ओल बोटाला आली. बाहेरची दमट हवा भिंतीतून थंड खोलीकडे येत होती आणि व्हिनाइलपाशी अडकून तिथेच पाणी सोडत होती. अडसर होता, पण चुकीच्या बाजूला. मालकाला वाटत होतं पाइप फुटलाय. आम्ही तो कागद काढून साधा रंग दिला, भिंत सुकली.

ही एक भिंत मनात ठेव. कुठलाही प्रश्न आला की आधी विचार, ऊब कुठल्या बाजूला आणि ओल कुठल्या.

वेंगुर्ल्याची

अगं, लाइटसाठी एकच सांगते. एनकार्बची एआरई गाइडलाइन्सची पीडीएफ चिपळूणला जाशील तेव्हा छापून आण. जून-जुलैत मला कागदानेच तारलं होतं.

सुपारीची वाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर वाचून माजघरात जाऊन भिंतीला हात लावून आले. शिकागोच्या भिंतीचा छेद काढून वाफेचा बाण दाखवला, आणि पहिल्यांदाच न अडखळता उत्तर आलं.

पीपीडीला ९ जुलै आणि पीडीडीला ३० जुलै घेतेय. बोर्डाला मेल गेला. रविवारी पहाटे ४ तास ५ मिनिटांचा सलग सराव पेपर, इन्व्हर्टर रात्रीच चार्ज करून ठेवेन. केस स्टडी आधी. आईचा सकाळचा व्यायाम त्या दिवशी शेजारच्या काकू घेणार आहेत, तिनेच त्यांना सांगून ठेवलंय.