लाल रंग पाहून खिडकी लावणं हा प्रदूषणावरचा उपाय नव्हे

गाळणी
काल इथे 'दोन मिनिटांत हवेचं प्रदूषण' नावाचा लेख आला. माहिती शोधत बसू नका, हवेचा दर्जा दाखवणारं ॲप उघडा, लाल दिसलं तर खिडक्या लावा, घरात आठ-दहा कुंड्या ठेवा, बाकी सरकार बघेल, असा त्याचा सूर. खाली सगळे 'छान माहिती' म्हणून गेले, म्हणून हा वेगळा धागा.

त्या लेखात प्रदूषण कमी करणारं एकही वाक्य नाही. ॲपवरचा निर्देशांक बहुतेक ठिकाणी लांबलचक सरासरीवर काढतात आणि ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक (म्हणजे त्या एकट्याचा आकडा) सर्वांत मोठा, तेवढाच दाखवतात. पहाटे दोन तास कचरा जळाला तर तो 24 तासांच्या सरासरीत विरून जातो. त्यात देशागणिक मोजपट्टी वेगळी. त्यापेक्षा पीएम 2.5 चे, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे, तासातासाचे आकडे दर घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये बघा. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मर्यादा वार्षिक सरासरीला 5 आणि 24 तासांना 15 आहे. ओपनएक्यू या संकेतस्थळावर अनेक देशांतल्या सरकारी केंद्रांचे आकडे फुकट मिळतात. ते वाऱ्याच्या दिशेसोबत मांडा. एकाच बाजूच्या वाऱ्याला आकडा चढतो? स्रोत त्या बाजूला. वारा पडल्यावर रात्री चढतो? आसपासचाच धूर साठतोय. पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे कण) चढला आणि पीएम 2.5 जवळपास जागेवरच राहिला तर धूळ. दोन्ही बरोबरीने चढले तर बहुधा काहीतरी जळतंय. एवढं हाती असल्याशिवाय मदत मागणार कोणाकडे आणि कशाची?

उत्तरदिशा
तो लेख माझाच. सामान्य माणूस वाऱ्याचे तक्ते मांडत बसेल ही अपेक्षाच चुकीची आहे. केंद्र 20 किलोमीटरवर असेल तर त्या आकड्याचा माझ्या गल्लीशी काय संबंध? दम्याच्या रुग्णाला आज संध्याकाळी काय करायचं ते सांगावं लागतं. तुम्ही ते सांगितलेलं नाही.

तिसरी_खिडकी
केंद्र लांब असेल तर लेझर सेन्सर (लेझरच्या उजेडात कण मोजणारं छोटं यंत्र) लावा, पण त्याच्या मर्यादा समजून. हवेतली आर्द्रता साधारण 80 टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो. धुक्यातली अर्धी घबराट त्यातूनच येते. जाड धूळ त्याला नीट दिसत नाही, तेव्हा त्याच्या पीएम 10 वर विसंबू नका. आधी आठवडाभर सरकारी केंद्राच्या जवळ ठेवून फरक काढा. मग सावलीत, पावसापासून आडोशाला, चुलीच्या आणि एसीच्या झोतापासून दूर टांगा.

रानवारा
सेन्सर राहू दे, कुंड्यांचं आधी बोलू. कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते हा गैरसमज 1989 च्या नासाच्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग बंद पेटीतला होता आणि वायूंवरचा होता, धुळीवरचा नव्हता. 2019 मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा इमारतीत साध्या हवा खेळण्याने जेवढे वायू बाहेर जातात, तेवढे काढायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं निघालं. दरवेळी तेच 'मनी प्लांट लावा'! लोक कुंडी ठेवून निर्धास्त होतात, हे नुकसान आहे.

उत्तरदिशा
कुंड्यांचं मान्य, ती ओळ काढतो. खिडकीचं मान्य नाही. बाहेर धूर असताना ती उघडी ठेवायची?

रानवारा
धूर असताना बंदच ठेवा, पण दिवसभर नाही. पहाटे आणि रात्री हवेचा मिसळणारा थर खाली उतरलेला असतो, म्हणून कण साठतात. दुपारी तो वर जातो, तेव्हा खिडकी उघडा. कडक उन्हाळ्यात मात्र दुपारीच ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू चढतो, म्हणून तो आकडा वेगळा बघा.

प्युरिफायर (हवा गाळणारं यंत्र) घेताना खोलीचं घनफळ काढा. 12 चौरस मीटर गुणिले 3 मीटर उंची म्हणजे 36 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर शुद्ध हवेचा दर, म्हणजे सीएडीआर, तासाला 180 घनमीटर लागतो. तो आकडा सर्वांत वेगवान पातळीवरचा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही, म्हणून एक माप मोठंच घ्या. हेपा गाळणी (अगदी बारीक कण धरणारी) वायू धरत नाही. त्यासाठी भरपूर सक्रिय कोळसा लागतो, पातळ काळी जाळी पुरत नाही. ओझोन सोडणारं यंत्र तर घेऊच नका.

तिसरी_खिडकी
हवा गाळणारी पेटी घरी बांधता येते, हेही सांगा. 20 इंची चौरस पंखा, मर्व्ह-13 (गाळणीचा दर्जा सांगणारा आकडा) च्या चार गाळण्या, तळाला पुठ्ठा. गाळण्यांवरचे बाण आतल्या बाजूला, पंखा वर, हवा वर फेकणारा. सगळे सांधे टेपने बंद. पंख्याच्या तोंडावर गोल भोक पाडलेला पुठ्ठा बसवा, नाहीतर कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते. एका फेरीत हेपाइतकं गाळत नाही, पण खूप हवा पुन्हा पुन्हा फिरवते.

गाळणी
पाहिलंत? विषय प्रदूषण कमी करण्याचा, आणि सगळे आपापल्या खोलीत शिरले. धुराचं तोंड बंद करायचं कोणी?

उत्तरदिशा
मग तुम्हीच सांगा. आतापर्यंत तुम्ही फक्त आकडे वाचायला शिकवलंत.

गाळणी
सांगतो. पहिलं, स्रोत कोणाच्या अखत्यारीत आहे ते काढा. चिमणी पर्यावरण खात्याकडे, उघड्यावर जळणारा कचरा आणि रस्त्याची धूळ स्थानिक संस्थेकडे, बांधकामाची धूळ परवाना देणाऱ्याकडे. 'हवा खराब आहे' असा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. दुसरं, कारखान्याच्या परवान्यातल्या अटींची प्रत मागा: इंधन कोणतं, चिमणीची उंची किती, धूळरोधक यंत्रणा कोणती. अट मोडल्याचं दाखवता आलं तर तक्रारीला वजन येतं. तिसरं, नोंद. तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ, वाऱ्याची दिशा, एकाच जागेवरून काढलेले फोटो. काळ्या धुरासाठी रिंगेलमन तक्ता वापरा: 0 ते 5, दर पायरीला 20 टक्के काळेपणा. सूर्य पाठीशी ठेवून बघा. चिमणीपासून थोडं पुढे जाऊन पांढरा लोट एकदम नाहीसा होत असेल तर ती वाफ आहे. तिची तक्रार केलीत तर पुढच्या खऱ्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

उत्तरदिशा
हे आधी लिहिलं असतं तर भांडण झालं नसतं. पण तक्ता दिवसाचा आहे आणि कचरा रात्री जाळतात.

तिसरी_खिडकी
रात्री सेन्सर दोन मिनिटांच्या नोंदीवर ठेवा. उघड्या जळणाचा आकडा एकदम उसळतो आणि तासा-दोन तासांत उतरतो. रहदारीचा हळूहळू चढतो. सकाळी राखेचा फोटो जागेसकट जोडा. आणि तो ढीग पालापाचोळ्याचा असेल तर तक्रारीसोबत खताच्या खड्ड्याची मागणीही करा. सुक्या पाल्यात कार्बन फार असतो, म्हणून हिरवा कचरा किंवा शेण मिसळून कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 30 ला 1 च्या आसपास आणा, मुठीत दाबल्यावर थेंबभरच पाणी सुटेल इतपत ओल ठेवा, दर पंधरवड्याला उलटा. पाला टाकायला जागा नसेल तर दंड झाला तरी तो पुन्हा जाळलाच जातो.