जुन्या लॅपटॉपला स्वस्तातली एसएसडी कोणती टाकू? जरा लवकर सांगा

सुलेखा_डीटीपी
लॅपटॉप भयंकर स्लो झालाय. चालू केला की चहा पिऊन होतो तरी आयकॉन उमटत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १००%. सगळे म्हणतात हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाक, सगळं सुरळीत होईल. बजेट तीन हजार. २५६ जीबी पुरेल का? कंपनी कोणती? तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांच्या कामाची गर्दी सुरू होते, त्याआधी व्हायला हवं.

खटपट्या
मॉडेल?

अवकाळी
एनव्हीएमई (नव्या जोडणीची, जास्त वेगाची एसएसडी) घ्या, डोळे मिटून. साटा ही जोडणी आता जुनी झाली. ३५०० एमबी प्रति सेकंद कुठे आणि ५५० कुठे!

सुलेखा_डीटीपी
आय ५ आहे.

खटपट्या
ताई, आय ५ पहिल्या पिढीपासून कितीतरी पिढ्यांत आलाय. लॅपटॉप उलटा करा, खालच्या स्टिकरवर मॉडेल असतं. रॅम किती, आत्ताची हार्ड डिस्क किती जीबीची आणि तिच्यातली किती भरलीय तेही लिहा.

निवांत_नाना
आधी रॅम वाढवा. माझ्या मुलीच्या लॅपटॉपला ४ च्या ८ केल्या, पळायला लागला. डिस्कला हातही लावला नाही.

रानजाई
नाना, डिस्क १००% असल्याचं त्यांनी लिहिलंय. रॅम कमी असली की विंडोज डिस्कवर लिहीत बसतं हे खरं, पण ते डिस्क स्लो आहे म्हणून जाणवतं. आधी एसएसडी, मग रॅम.

निवांत_नाना
मी अनुभव सांगितला. पटलं तर घ्या.

सुलेखा_डीटीपी
थिंकपॅड टी ४३०. सेकंडहँड घेतलेला. रॅम ४. डिस्क ५०० जीबी, पैकी १९० भरलीय. विंडोज १०. अजून काही हवंय का? मला फक्त नाव सांगा ना.

खटपट्या
छान मशीन आहे. २०१२ चं, तिसऱ्या पिढीचं. यात एम डॉट टू स्लॉटच (एनव्हीएमई बसते ती खाच) नाही, त्यामुळे अवकाळींची एनव्हीएमई बसणार नाही. आत एमसाटा स्लॉट (छोट्या साटा एसएसडीचा) आहे, पण तो साटा २, म्हणजे निम्म्या वेगाचा. हार्ड डिस्कची मुख्य जागा साटा ३ आहे. तिथे साधी अडीच इंची साटा एसएसडी लावा. एक स्क्रू काढला की झाकण निघतं, डिस्क पट्टीला धरून बाहेर ओढायची. तिच्या दोन्ही कडांना रबराच्या पट्ट्या असतात, त्या काढून नव्या डिस्कला चढवायच्या. दुकानात न्यायचीही गरज नाही.

१९० जीबी भरलेली असेल तर २५६ घेऊ नका. वर्षभरात परत जागा नाही म्हणाल. ४८० किंवा ५०० घ्या.

अवकाळी
स्लॉट नाही हे आधी सांगितलं असतं तर मी साटाच म्हटलं असतं. घ्यायचीच तर सॅमसंग ८७० इव्हो. डीरॅम (आतली छोटी वेगवान मेमरी) आहे, पाच वर्षं वॉरंटी, ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण ३०० टीबी लिहीपर्यंतची हमी. क्रुशियल बीएक्स ५०० मध्ये डीरॅम नाही, वॉरंटी तीनच वर्षं.

रानजाई
त्यांचं बजेट तीन हजार आहे, इव्हो त्यात बसणं कठीण. बीएक्स ५०० ची ४८० जीबी १२० टीबीडब्ल्यूची आहे. रोज २० जीबी लिहिलं तरी ६००० दिवस, म्हणजे सोळा वर्षं. पत्रिका करणारा माणूस रोज २० जीबी लिहीत नाही. हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला दोन्ही सारख्याच वेगवान वाटतील. फक्त '१६ टीबी, दोन हजारात' असल्या अनोळखी नावाच्या डिस्क घेऊ नका, त्यांत लिहिलेल्या क्षमतेचं काहीच नसतं.

कोकणी_माणूस
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २ (सुरक्षेची चिप) लागतं, यावर अधिकृतपणे चढणारच नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. ४ जीबीतही मस्त चालतं, फुकट आहे. डिझाइनला इंकस्केप.

सुलेखा_डीटीपी
श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि कोरल (डिझाइनचं) यांवर काम आहे. प्रेसवाल्याला कोरलचीच फाइल लागते. विंडोज बदलायचं नाही. श्रीलिपीचा यूएसबी लॉक आहे (तो लावल्याशिवाय ते चालत नाही), सीडी कुठे गेली माहीत नाही. म्हणून आहे तसंच उचलून नव्या डिस्कवर न्यायचंय.

कोकणी_माणूस
मग युनिकोडवर या. किती दिवस लॉक सांभाळणार?

रानजाई
बारा वर्षांच्या पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये असतात दादा. 'मागच्या वर्षीसारखीच करा' म्हणून गिऱ्हाईक येतं तेव्हा ती उघडावीच लागते. हा वाद दुसरीकडे घालू.

खटपट्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं ताई, कारण आता क्लोनिंग, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवणं आलं. ५०० च्या डिस्कवरून ४८० वर क्लोनझिला (क्लोनिंगचं सॉफ्टवेअर) थेट जात नाही, त्याला पुढची डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते. एकतर आधी पार्टिशन लहान करा, नाहीतर कंपनीचं स्वतःचं क्लोनिंग सॉफ्टवेअर वापरा, ते आकार आपोआप जुळवतं. सोबत यूएसबी टू साटा केबल घ्या.

त्याआधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवून चालवा आणि वर डावीकडे कोणता रंग दिसतो ते सांगा.

सुलेखा_डीटीपी
पिवळा. कॉशन लिहिलंय. खाली सी ५ च्या ओळीलाही पिवळा ठिपका आहे.

खटपट्या
मग क्लोनिंग आज करू नका. सी ५ म्हणजे डिस्कचे काही सेक्टर (कप्पे) वाचता येत नाहीयेत. लॅपटॉप स्लो होण्याचं मोठं कारण हेच असणार. डिस्क जातेय. आत्ताच्या आत्ता गिऱ्हाइकांच्या फाइली दुसरीकडे काढा. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डरही घ्या, नाहीतर नव्या विंडोजवर जुन्या पत्रिका उघडल्या की नवरामुलाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. एसएसडी आली की क्लोन करून बघू. मध्येच अडकलं तर नवीन विंडोज टाकावं लागेल, म्हणून श्रीलिपीच्या विक्रेत्याला आजच फोन करून तुमच्या आवृत्तीचा सेटअप मागून ठेवा. लॉक तुमच्याकडे आहे, त्यामुळे अडवायचं कारण नाही.

निवांत_नाना
हे मात्र बरोबर. रॅम नंतर बघा.

सुलेखा_डीटीपी
कॉपी लावलीय. २०१९ च्या फोल्डरवर अडकलंय, पुढेच सरकत नाही. ४८० ची बीएक्स ५०० ऑर्डर केली.

खटपट्या
ती कॉपी कॅन्सल करा आणि तो फोल्डर सोडून द्या. आधी या वर्षीचा, मग २०२४ चा, असं मागे मागे जा. ज्यावर अडकतंय ते सगळ्यात शेवटी. आणि लॅपटॉप बंद करू नका, बाकीचं निघेपर्यंत चालू राहू दे.

ओलेती_माती
मध्येच विचारते, माझा मॅकबुक एअर २०१३ चा आहे. हीच ४८० ची चालेल का?

अवकाळी
नाही, त्यात अॅपलचा स्वतःचा कनेक्टर आहे, ही बसणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

सुलेखा_डीटीपी
२०२५ आणि २०२४ निघालं. २०२३ चालू आहे.