मदत हवी आहे: के लीगच्या शेवटच्या पाच सामन्यांचं मैदान कसं ठरतं?

दक्षिण कोरियाच्या के लीग १ या फुटबॉल स्पर्धेचा २०१९ चा हंगाम फेरीवार वहीत उतरवतोय. १२ संघ, प्रत्येकाशी तीनदा, म्हणजे ३३ फेऱ्या. मग वरचे सहा आणि खालचे सहा वेगळे होऊन आणखी पाच सामने. इथवर जुळलं. गुण सारखे असतील तर केलेले गोल आधी बघतात, हेही माहीत आहे. जोनबुक आणि उल्सान दोघांचे ७९ गुण, गोल ७२ आणि ७१. शेवटच्या दिवशी उल्सान घरच्या मैदानावर पोहांगकडून १-४ हरला, ती ओळ लिहिताना फार वाईट वाटलं.

अडलंय एकाच ठिकाणी. तीन लढतींत एकाला घरचे दोन सामने, दुसऱ्याला एकच. निकालांचे तक्ते ताडून पाहिले, त्यांत नियम सापडत नाही. कोरियन वाचता येत नाही, त्यामुळे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी दुवा चालेल. शेवटच्या पाच सामन्यांचं यजमानपद आधीचा असमतोल भरून काढायला देतात, ३३व्या फेरीनंतरच्या क्रमवारीवरून, की सोडत काढून?