ऊसतोडीतलं पोर ‘कुटुंबाला मदत’ करतं असं म्हणायचं का?

कोरडवाहू
२०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना कुठल्याही धंद्यात कामाला ठेवायला बंदी आली. १९८६च्या मूळ कायद्यात ती ठरावीक कामांपुरतीच होती, त्यामुळे पाऊल मोठंच. पण सोबत दोन सवलती दिल्या. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदत केली तर चालते. आणि सिनेमा-मालिका-जाहिरातींत बालकलाकार चालतो.

बालकलाकाराचे नियम वाचा. दिवसाला ५ तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, कमाईतले निदान २० टक्के मुलाच्या नावे बँकेत ठेव.

आता बीडकडून उसाच्या फडावर जाणारी तोडणी मजुरांची टोळी बघा. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, ती तोडलेल्या उसाच्या टनावर फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बारा वर्षांची पोर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. तिच्या कामाने टन वाढतात, पण तिचं नाव कुठल्याही वहीत नसतं. मजुरी बाहेरच्याकडून टनावर मिळते तिथे ही कुटुंबाची सवलत लागू नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहायला हवं.

बांधावरून
ठाम विरोध. माझा तेरा वर्षांचा मुलगा शाळेतून आल्यावर शेळ्यांना चारा टाकतो, मे महिन्यात कांदा काढायला येतो. तुम्ही सवलतीला हात घातलात की उद्या कुणीतरी माझ्या बांधावर येऊन उभा राहणार. शेती बघून-करूनच शिकतात. अठराव्या वर्षी एकदम शिकायला घेतली तर हात वळत नाही. ऊसतोडीचा राग आमच्यावर का काढता?

जिल्हा कोर्ट
बांधावरून, तुमच्या मुलाला कायद्याचा काही त्रास नाही. २०१७ च्या नियमांत घरच्या मदतीचीही हद्द आखलेली आहे: दिवसाला ३ तासांच्या वर नाही, शाळेच्या वेळात नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ मध्ये नाही. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते, तिथेच हा नियम मोडतो.

कोरडवाहू, तुमच्याशी मात्र मतभेद आहे. नवी दुरुस्ती कशाला? रान शेतकऱ्याचं, ऊस चालला कारखान्याला, मग त्यात मजुराच्या कुटुंबाचा ‘उद्योग’ आहे कुठे? माझ्या वाचनाप्रमाणे सवलत आजही लागू होत नाही. १४ खालचं मूल कामाला ठेवणाऱ्याला ६ महिने ते २ वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. गाडी अडते ती ‘ठेवणारा कोण’ यावर. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम आईबापाकडे.

कोपीतली
मी कोपीतच, ऊसतोड मजुरांच्या झोपडीतच वाढले, म्हणून लिहिते. आईबाप पहाटे फडात गेले की मागे तान्हं बाळ असतं. ते थोरलीने सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी टाकायची. हे तुमच्या कुठल्या कलमात बसतं? मुकादमावर केस झाली तर पुढच्या हंगामात तो त्या जोडीला घेणार नाही, उचल मात्र अंगावर राहील. मुलीला गावात ठेवायचं तर आजी लागते. आजी नसेल तर ‘एकटी पोर कशी ठेवायची’ म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात. आमच्या वस्तीत हे झालेलं आहे. आधी बंदी, मग सोय, हा क्रमच उलटा आहे.

रात्रशाळा
१४ ते १८ वाल्यांबद्दल कुणीच बोलत नाही. त्यांना खाण, स्फोटकं-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया एवढंच बंद आहे. सरसकट १८ पर्यंत बंदी मागणारे खूप आहेत, मला ती मान्य नाही. पंधराव्या वर्षी मी हॉटेलात लागलो नसतो तर घर चाललं नसतं. पण विश्रांती धरून ६ तास आणि संध्याकाळी ७ नंतर काम नाही, हा नियम माझ्या मालकाने पाळला असता तर मी वर्गात बाकावर झोपलो नसतो. आहे तो नियम पाळायला लावा, मुलं कामही करतील आणि शिकतीलही.

कोरडवाहू
कोपीतली ताई, लग्नाची भीती खरी आहे, म्हणूनच शाळेपासून धरायला हवं. २०१७ च्या नियमांतच आहे की मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी या कायद्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं. हंगाम चालतो चार-पाच महिने. म्हणजे दुसऱ्या महिन्यात प्रशासनाकडे अशा प्रत्येक मुलाचं नाव असायला हवं.

खडू
मी शिक्षिका आहे. पटावर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे तीस दिवसांची गैरहजेरी लिहिताना हात अडखळतो. बाहेरगावी गेलेल्या मुलाला तिथल्या शाळेत घ्यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आम्ही देतो. पण टोळीचा तळ गावाबाहेर आणि शाळा लांब असली तर ते कार्ड ट्रंकेतच राहतं. सगळी जबाबदारी शाळेवर टाकू नका. ज्याला ऊस पोचतो त्यालाही विचारा.

कोरडवाहू
तेच म्हणतो. टोळीशी करार होतानाच कोयत्यामागची मुलं, त्यांचं वय आणि शाळा लिहून घ्या.

जिल्हा कोर्ट
कारखाना राजीखुशीने लिहिणार नाही. लिहिलं की मुलं तळावर आहेत हे आपल्याला ठाऊक होतं, असं त्याने कबूल केल्यासारखं होतं.

कोरडवाहू
मग राजीखुशीवर सोडू नका. कारखान्याला साखर आयुक्तालयाकडून दर हंगामाला ऊस गाळपाचा परवाना घ्यावा लागतो. त्याच्या अटींत मुलांची यादी घाला.

कोपीतली
घाला. पण गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह जोड्या गाव सोडायच्या आधी उघडायला हवं. पोरं फडावर पोचल्यावर मंजुरी आली तर त्यांना परत कोण आणणार? आणि त्या यादीत बाळ सांभाळणारी थोरलीही लिहा.