मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात नायट्रेट, घरात चार महिन्यांचं बाळ

जुळे सोलापूर भागात राहतो. नळाला उजनीचं पाणी येतं, पण काही दिवसांआड. मधल्या दिवसांत सोसायटीच्या बोअरवर भागवावं लागतं. त्या पाण्याची तपासणी करून घेतली: नायट्रेट ९२ मिग्रॅ/लिटर, फ्लोराइड ०.८, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ११४०. जंतू आढळले नाहीत. भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि पाण्याची दुसरी सोय नसली तरी त्यात सवलत नाही.

आम्हा मोठ्यांची तेवढी चिंता नाही. वहिनींच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचं दूध चालू आहे, म्हणून हा आकडा बघून धसकाच घेतला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांत नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी होते, अंग निळसर पडतं. बाळ सध्या ठणठणीत आहे, डॉक्टरांना रिपोर्टही दाखवलाय. उकळून घ्या असं कृपया सुचवू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं. तुरटी, क्लोरीनचाही उपयोग नाही.

तूर्त दुधासाठी फक्त साठवलेलं नळाचं पाणी उकळून वापरतोय, पण ते पुरत नाही. जारवाल्याकडे तपासणीचा कागद नाही. घरी तीन वर्षं जुना आरओ आहे, त्यातून बोअरचं पाणी १६० टीडीएसने येतं. त्याचं मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा) बदललेलं नाही.

टीडीएस एवढा उतरला म्हणजे नायट्रेटही ४५ च्या खाली आलं असं धरता येतं का, की आरओच्या पाण्याची वेगळी तपासणी हवीच? आणि सोलापुरात खासगी नमुन्याची नायट्रेट तपासणी कुठे होते, रिपोर्ट किती दिवसांत मिळतो?